तालीम : नाट्यशिक्षणाचा वारसा आणि आपली मुले

मराठी रंगभूमीच्या बोलीत काही शब्द इतके मुरले आहेत की ते कुठून आले हे विचारायचे कुणाला सुचत नाही. तमाशा, शाहीर, डफ, पडदा, पोशाख, नक्कल हे त्यातले काही. या सगळ्यांत आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘तालीम’ हा शब्द. नाटकाच्या सरावाला मराठी माणूस तालीम म्हणतो. पहिल्या प्रयोगाआधी पोशाख, दिवे, संगीत यांसह जो पूर्ण सराव होतो ती रंगीत तालीम. जुन्या नाटक कंपन्यांत नटांकडून भूमिका बसवून घेणाऱ्या माणसाला तालीम मास्तर म्हणत. अरबी भाषेत तालीम म्हणजे शिक्षण, आणि आपल्या घरांत हा शब्द अजूनही त्याच अर्थाने बोलला जातो. मुलांना चांगली तालीम द्या, असे आपले बुजुर्ग सांगत आले. पण तोच मुलगा किंवा तीच मुलगी कॉलेजातून आल्यावर ‘नाटकाच्या तालमीला जायचे आहे’ असे म्हणाली, की त्याच बुजुर्गांच्या कपाळावर आठी पडते. शब्द एकच, एका अर्थाने तो घराची इज्जत वाढवणारा आणि दुसऱ्या अर्थाने घराला न शोभणारा.

हे दोन अर्थ इतके दूर का गेले, आणि खरोखरच ते दूर आहेत का, याचा शोध घ्यावा म्हणून हा लेख. नाटक ही शिकण्याची विद्या आहे. तिला वर्ग असतो, अभ्यासक्रम असतो, परीक्षा असते. अभिनय हा तिचा एक भाग झाला, त्याखेरीज नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा आणि निर्मिती ही तिची तितकीच मोठी अंगे आहेत, ही समजूत आपल्या देशात रुजायला शंभरेक वर्षे लागली. ती रुजवणाऱ्यांत मुसलमान गुरूंचा वाटा फार मोठा आहे. पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी या पट्ट्यातल्या आपल्या मुलामुलींना तो माहीत असावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

कंपनीतली शाळा

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले, तिथून आधुनिक मराठी नाटकाचा इतिहास मोजतात. त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत नाटक शिकण्याची जागा एकच होती, ती म्हणजे नाटक कंपनी. पोरवयात मुलगा कंपनीत दाखल व्हायचा, पडेल ते काम करायचा, पाठांतर करायचा, गळा तयार करायचा. पडदे रंगवणारा, कपडे शिवणारा, दिवाबत्ती पाहणारा, तिकिटांचा हिशेब ठेवणारा, प्रत्येक जण आपल्या आधीच्या माणसाचे पाहून शिकायचा. ज्ञान होते, पण ते कागदावर नव्हते. उस्ताद गेला की त्याची विद्या त्याच्याबरोबर जायची.

या कंपन्यांच्या जगात आपली माणसे सर्वत्र होती. मुंबईच्या पारशी रंगभूमीची उर्दू नाटके मुन्शी लिहीत. त्यांच्यातले सर्वांत गाजलेले आगा हश्र काश्मिरी (१८७९–१९३५). मराठी संगीत नाटकाला ज्या रागदारीने मोठे केले, ती खाँसाहेबांच्या घराण्यांतून आली. ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकाला चाली देणारे भास्करबुवा बखले हे फैज मोहंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांचे शागीर्द. बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. त्याही आधी, उत्तर पेशवाईत, तमाशाच्या फडावर सगनभाऊ हा मुसलमान शाहीर गाजत होता. आणि विसाव्या शतकात बार्शीच्या मेहबूब पटेल यांनी अमर शेख होऊन सगळा महाराष्ट्र जागवला.

ही नावे आपण अभिमानाने घेतो आणि तिथेच थांबतो. आमचे म्हणणे थोडे पुढचे आहे. ही मंडळी मोठी होती खरी, पण ती विद्या कंपनीबरोबर फिरायची आणि कंपनी बुडाली की विखरायची. तिला घर मिळाले ते शाळा-कॉलेजांत. आणि त्या घराच्या पायाभरणीतही आपला माणूस होता.

बडोद्याची गायनशाळा

बोईसर स्टेशनात उभे राहिले की एका फलाटावरची गाडी मुंबईकडे जाते आणि समोरची बडोद्याकडे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि तिची सूत्रे उस्ताद मौलाबक्ष (१८३३–१८९६) यांच्याकडे सोपवली. संगीत तोवर घराण्यात, गुरूच्या घरी, गुरूच्या मर्जीने शिकायचे असे. मौलाबक्षांनी ते वर्गात आणले. ठरलेली वेळ, ठरलेला क्रम, स्वर लिहून ठेवण्याची लिपी, क्रमिक पुस्तके. ज्याचा बाप गवई नाही, अशा मुलालाही आत येता येईल अशी ती शाळा होती. त्यांचेच नातू हजरत इनायत खान यांनी पुढे सूफी विचार पश्चिमेकडच्या देशांत नेला.

१९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर ही गायनशाळा विद्यापीठात आली आणि तिचे संगीत, नृत्य आणि नाट्य यांचे महाविद्यालय झाले. नाटकाला विद्यापीठाची पदवी देण्याचे काम देशात जिथे सर्वांत आधी सुरू झाले, त्यांत बडोदे येते. म्हणजे आज एखादी मुलगी बडोद्याला नाट्यशास्त्र शिकायला गेली, तर ती ज्या परंपरेत पाऊल टाकते, तिची पहिली वीट एका उस्तादाने रचलेली आहे. हे घरच्यांना सांगण्यासारखे आहे.

पुण्यात जन्मलेला गुरू

पण नाट्यशिक्षण म्हणजे काय, याची व्याख्याच ज्यांनी बदलली ते इब्राहिम अल्काझी. १८ ऑक्टोबर १९२५ रोजी त्यांचा जन्म पुण्यात झाला. वडील सौदी व्यापारी, आई कुवेतची, घरात अरबी, बाहेर पुण्याचे वातावरण. शाळा पुण्याची सेंट व्हिन्सेंट, कॉलेज मुंबईचे सेंट झेवियर्स. याच काळात ते सुलतान पदमसी यांच्या ‘थिएटर ग्रुप’मध्ये आले. म्हणजे त्यांचीही सुरुवात कॉलेजच्या वयात, हौशी नाटकातच झाली. फाळणीनंतर त्यांच्या घरचे बाकीचे लोक पाकिस्तानात गेले. अल्काझी इथेच राहिले. हा निर्णय त्यांनी कुणाला बोलून दाखवण्यासाठी घेतला नव्हता. त्यांचे काम इथे होते.

लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिक्षण घेऊन ते परतले आणि मुंबईत त्यांनी ‘थिएटर युनिट’ उभे केले. आपण राहत होते त्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी ‘मेघदूत’ नावाचे छोटे नाट्यगृह केले. पैसा नाही, जागा नाही, म्हणून नाटक थांबले नाही. याच मुंबईच्या काळात विजया मेहता त्यांच्याकडे शिकल्या आणि १९६० मध्ये ‘रंगायन’ उभी राहिली. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास लिहिताना ‘रंगायन’ला जो मान मिळतो, त्याच्या मागे पुण्यात वाढलेल्या या अरब घराण्यातल्या गुरूची तालीम आहे, हे आपल्या कॉलेजांतल्या किती मुलांना ठाऊक असेल?

राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एनएसडी, १९५९ मध्ये दिल्लीत सुरू झाले. १९६२ मध्ये अल्काझी त्याचे संचालक झाले आणि १९७७ पर्यंत राहिले. या पंधरा वर्षांत त्यांनी नाटकाचे शिक्षण शिस्तीचे केले. विद्यार्थ्याला नट व्हायचे असो वा दिग्दर्शक, त्याला सुतारकाम आले पाहिजे, दिवा बांधता आला पाहिजे, कापडाचा पोत कळला पाहिजे, जगाच्या नाटकाचा इतिहास वाचलेला असला पाहिजे. वेळेवर येणे, जागा झाडून स्वच्छ ठेवणे, प्रेक्षकाला नीट बसवणे, हेही शिक्षणच. ओम पुरी, नसीरुद्दीन शाह, रोहिणी हट्टंगडी ही नावे सगळ्यांना माहीत आहेत. आम्हाला त्यांच्याइतकेच महत्त्वाचे वाटतात ते पडद्यामागचे लोक, जे याच शिक्षणातून तयार झाले आणि राज्याराज्यांत पांगले.

नेपथ्याचा त्यांचा विचार पाहण्यासारखा होता. १९६३ मध्ये ‘अंधा युग’ त्यांनी दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींत केले. १९७४ मध्ये गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ पुराना किल्ल्यात झाले. राजाचा महाल रंगवून उभा करण्याऐवजी त्यांनी इतिहासाच्या खऱ्या दगडांवर नट उभे केले. ‘तुघलक’चा नायक एक मुसलमान सुलतान आहे, पण तो खलनायक नाही आणि देवमाणूसही नाही. विचार करणारा, चुकणारा, स्वतःच्याच बुद्धीच्या जाळ्यात अडकत जाणारा माणूस आहे. असा माणूस रंगमंचावर उभा करायला नट लागतो तसाच त्याचा अंगरखा, त्याचे सिंहासन, त्याच्यावर पडणारा उजेड यांचा अभ्यास करणाराही लागतो.

हे काम अल्काझींच्या पत्नी रोशन अल्काझी यांनी केले. पदमसींच्या खोजा घरातल्या या बाईंनी अनेक वर्षे नाटकांची वेशभूषा सांभाळली आणि प्राचीन भारतीय पोशाखांवर संशोधन करून पुस्तक लिहिले. त्यांची मुलगी अमाल अल्लाना एनएसडीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२४ मध्ये त्यांनी लिहिलेले वडिलांचे चरित्र प्रसिद्ध झाले. अल्काझी ४ ऑगस्ट २०२० रोजी गेले. १९६६ मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये पद्मभूषण आणि २०१० मध्ये पद्मविभूषण असे तीनही सन्मान त्यांना मिळाले. ही यादी आम्ही मिरवण्यासाठी देत नाही. ‘नाटकवाल्याला कोण विचारतो’ असे म्हणणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी ती दिली आहे.

विद्यार्थी आणि बाजार

दुसरे नाव हबीब तन्वीर यांचे (१९२३–२००९). रायपूरचे, पण पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजची. लंडनला त्याच रॉयल अकॅडमीत ते शिकायला गेले, ते १९५५ मध्ये. त्याच्या एक वर्ष आधी दिल्लीत त्यांनी केलेले ‘आग्रा बाजार’ हे नाटक आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. नट कोण होते? जामिया मिल्लियाचे विद्यार्थी आणि शिक्षक, आणि शेजारच्या ओखला गावातले साधे लोक. विषय नजीर अकबराबादी या लोककवीचा. गंमत अशी की नजीर स्वतः नाटकात दिसतच नाही. काकडी विकणारा, पतंगवाला, फकीर यांच्या तोंडून त्याची कविता ऐकू येते. बाजार हेच नेपथ्य आणि बाजार हाच नायक.

कॉलेज आणि गाव यांच्यामध्ये जी भिंत असते ती या नाटकाने काढून टाकली. विद्यार्थ्याला वाचता येत होते, गावकऱ्याला बाजार माहीत होता. दोघे मिळून नाटक झाले. पुढे १९५९ मध्ये तन्वीरांनी ‘नया थिएटर’ काढले आणि छत्तीसगढच्या नाचा कलावंतांना घेऊन ‘चरणदास चोर’ (१९७५) जगभर नेले. एका मुसलमान दिग्दर्शकाने छत्तीसगढच्या आदिवासी आणि शेतकरी कलावंतांच्या हाती आपली कंपनी दिली, ही गोष्ट पालघर जिल्ह्यात वारंवार सांगितली पाहिजे.

आता आपल्याकडे वळू

महाराष्ट्रात विद्यापीठांनी नाटकाला जागा दिली ती उशिरा, पण दिली. मराठवाडा विद्यापीठात सत्तरीच्या दशकात कमलाकर सोनटक्के यांच्या पुढाकाराने नाट्यशास्त्र विभाग उभा राहिला. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ चे. सतीश आळेकर यांनी ते बरीच वर्षे सांभाळले. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ मध्ये कलिना येथे सुरू झाली, तिचे पहिले संचालक वामन केंद्रे. ते स्वतः एनएसडीचे विद्यार्थी आणि पुढे एनएसडीचे संचालकही झाले. अल्काझींनी घालून दिलेली शिस्त अशा वाटेने कलिन्यापर्यंत आली.

पालघर, बोईसर, तारापूर हा सगळा भाग मुंबई विद्यापीठाच्याच कक्षेत येतो. पालघरचे महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहे ते सोनोपंत दांडेकर याच तालुक्यातले, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि वारकरी परंपरेचे अभ्यासक. १९६९ मध्ये तारापूरला अणुऊर्जा केंद्र सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा झाला. २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावते. कागदावर पाहिले तर कलिना जवळ आले.

प्रत्यक्षात नाटक शिकणाऱ्या मुलाचे वेळापत्रक लोकलच्या वेळापत्रकाशी जमत नाही. इतर विषयांचे वर्ग दुपारी संपतात, तालीम संध्याकाळी सुरू होते. रात्री सुटली की विरारला गाडी बदलायची, बोईसरला उतरायचे, आणि तारापूर-चिंचणीला जाणारे वाहन त्या वेळी मिळेलच असे नाही. मुलाचे एक वेळ जमते. मुलीचे शिक्षण इथेच अडते. म्हणून आम्हाला वाटते की या भागात नाट्यशिक्षणाचा पहिला टप्पा इथल्याच कॉलेजांत व्हायला हवा आणि कलिना, पुणे, बडोदा, दिल्ली हे पुढचे टप्पे असावेत. त्याला आता वाटही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्राने पदवीचा जो नवा आराखडा केला, त्यात सांस्कृतिक उपक्रम आणि प्रयोगकला यांना सहशालेय विषय म्हणून श्रेयांक ठेवले आहेत. पूर्वी नाटकात काम केले तर अभ्यास बुडाला म्हणत. आता त्याचे गुण मार्कशीटवर येऊ शकतात.

इथल्या मुलांकडे काय आहे याचा हिशेब मांडला तर आश्चर्य वाटते. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. रात्रभर संबळाच्या तालावर मुखवटे नाचतात आणि मशालीच्या उजेडात ते जिवंत होतात. मुखवटा किती मोठा असावा, कुठला रंग अंधारात उठून दिसतो, उजेड खालून आला की चेहरा कसा उग्र होतो, हे तिथल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. प्रकाशयोजनेचा पहिला धडा याहून चांगला कुठे मिळेल? आपल्याकडे मोहरमचे ताबूत होतात. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, बेगड आणि दोरा यांतून मजल्यामजल्यांची इमारत उभी करायची, ती हलकी असली पाहिजे, खांद्यावर पेलली पाहिजे आणि लांबून भव्य दिसली पाहिजे. नेपथ्यकाराला नेमके हेच करायचे असते.

शिवाय धंदे. शिलाई, रंगकाम, फर्निचर, वायरिंग, वेल्डिंग ही कामे आपल्या वस्तीत घरोघरी आहेत. कारखान्यात इलेक्ट्रिशियन असलेल्या बापाच्या मुलाला डिमर काय करतो हे समजावून सांगायला वेळ लागणार नाही. ज्या मुलीची आई जरीचे आणि शिवणाचे काम करते, ती कापडाला हात लावून सांगेल की हे दिव्याखाली चमकेल की मरेल. या कौशल्यांना आपण मजुरी समजतो. नाट्यशिक्षणात त्यांना वेशभूषा, नेपथ्य, प्रकाशयोजना अशी नावे आहेत आणि त्यांच्यावर परीक्षा असते. निर्मिती हा तिसरा भाग तर शुद्ध व्यवहार. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यायचे, सभागृहाचे भाडे भरायचे, उघड्यावर प्रयोग असेल तर पोलिसांची परवानगी काढायची आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होईल असे पाहायचे, जमाखर्च जुळवायचा. मराठी व्यावसायिक रंगभूमीवर हे सांभाळणाऱ्याला सूत्रधार म्हणतात. व्यापार-उदीम करणाऱ्या घरांतल्या मुलांना यात परके काय आहे?

चिंचणीचा ताम्रपट

एवढे सगळे शिकून करायचे काय, याचे एक उदाहरण आम्ही याच मातीतून देतो. तारापूरच्या शेजारी चिंचणी. तिथे काही जुने ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात असे येते की संजानच्या मुलखाचा कारभार ‘मधुमती सुगतिप’ नावाच्या ताजिक, म्हणजे अरब वंशाच्या अधिकाऱ्याकडे होता. दुसऱ्या कृष्ण राजाने त्याला तिथे नेमले होते. ‘मधुमती’ हे ‘मुहंमद’ या नावाचे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने वाटसरूंना ओढे-नद्या पार करण्यासाठी फुकट नावेची सोय केली आणि भात, कालवण, तूप मिळेल असे अन्नछत्र घातले. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेसाठी त्याने राजाच्या संमतीने जमीन दिली.

आता बोईसरच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलांनी यावर एकांकिका करायची ठरवली, असे समजू. नटाला पहिला प्रश्न पडेल की हा मुहंमद बोलतो कसा? आपल्याकडे नाटक-सिनेमात मुसलमान आला की त्याच्या तोंडी ठरावीक ‘हम-तुम’ घातले जाते. पण ९२६ साली ती हिंदी जन्मलीच नव्हती. म्हणजे त्याच्यासाठी वेगळी भाषा शोधावी लागेल. वेशभूषा करणाऱ्या मुलीपुढे प्रश्न की तो घालतो काय? जाळीची टोपी, हिरवी लुंगी, डोळ्यांत सुरमा हा साचा इथे चालणार नाही. तिला ग्रंथालयात जावे लागेल, लेण्यांतली शिल्पे पाहावी लागतील, समुद्रावरून कुठले कापड येत-जात होते ते वाचावे लागेल. नेपथ्याला नाव हवी, नाव कशी बांधत ते किनाऱ्यावरच्या जुन्या कारागिराला विचारावे लागेल. प्रयोग कुठे करायचा? केळवे, शिरगाव, तारापूर येथे किल्ले आहेत. ते पुढच्या काळातले असले तरी अल्काझींनी पुराना किल्ल्यात जे केले त्याचा धडा इथे गिरवता येईल.

या एका एकांकिकेसाठी त्या मुलांना जेवढा इतिहास वाचावा लागेल तेवढा ती परीक्षेसाठी कधी वाचणार नाहीत. आणि आमच्या मते खरा मुद्दा याहून खोल आहे. रंगमंचावरचा मुसलमान आजवर बहुतेक वेळा दुसऱ्यांनी उभा केला. त्याचे कपडे दुसऱ्यांनी शिवले, त्याची भाषा दुसऱ्यांनी ठरवली. किनाऱ्यावरच्या कितीतरी मुस्लिम घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठीची कोकणी बोली बोलली जाते, पण ती बोली बोलणारी मुस्लिम आजी नाटकात क्वचितच दिसते. यात प्रत्येक वेळी कुणाचा द्वेष असतो असे नाही. पुष्कळदा अज्ञान असते, घाई असते, आणि तालमीत ‘अहो, आमच्याकडे असे नसते’ असे सांगणारे कुणी बसलेले नसते. तक्रार करून साचा मोडत नाही. तिथे बसायला शिकलेला माणूस लागतो.

तो मोडता येतो याचा दाखलाही आहे. २०१२ मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक आले. राजकुमार तांगडे यांचे लेखन, नंदू माधव यांचे दिग्दर्शन, शाहीर संभाजी भगत यांची संकल्पना, आणि नट जालना जिल्ह्यातले शेतकरी घरांतले तरुण. शिवरायांच्या राज्यात मुसलमान कुठे होते हे त्या नाटकाने हसतखेळत, पण ठाम सांगितले, आणि महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. खेड्यातली मुले हे करू शकतात तर पालघरची का नाही?

आक्षेपांविषयी

आता घरातले आक्षेप. पहिला दीनचा. नाटक जायज की नाजायज यावर उलेमांची मते एक नाहीत आणि तो निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही. पण एवढे नक्की म्हणता येईल की नाट्यशिक्षण म्हणजे उथळ करमणूक, ही समजूत चुकीची आहे. नाटकात काय दाखवायचे, काय नाही, कुठला पोशाख घालायचा, कुठले काम स्वीकारायचे, याची निवड शिकलेला माणूस विचाराने करतो. न शिकलेल्याला ती दुसरा करून देतो. ज्या मुलीला रंगमंचावर उभे राहायचे नाही तिला लेखन आहे, वेशभूषा आहे, प्रकाशयोजना आहे, निर्मिती आहे.

मुलींबद्दल बोलताना जोहरा सहगल आठवतात (१९१२–२०१४). रामपूरच्या खानदानी रोहिला घराण्यातली ही मुलगी लाहोरच्या कॉलेजात शिकली आणि १९३० च्या दशकात जर्मनीत ड्रेस्डेन येथे नृत्याचे रीतसर शिक्षण घ्यायला गेली. पुढे पृथ्वी थिएटरबरोबर तिने गावोगाव दौरे केले. नव्वद वर्षांपूर्वी एका मुस्लिम घराने मुलीला समुद्रापार पाठवले. आपण तिला विरारच्या पुढे पाठवायला किती काळ घेणार?

दुसरा आक्षेप पोटाचा, आणि तो खरा आहे. नाटकावर घर चालवणे आजही कठीण. पण शिक्षण घेतलेल्याला शाळांत नाट्यशिक्षक, दूरदर्शन मालिका व चित्रपटांत कला-विभाग, प्रकाश-ध्वनीची कामे, कार्यक्रमांचे व्यवस्थापन अशा वाटा असतात. एनएसडीत विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. औद्योगिक वसाहतीतली कंत्राटी नोकरीही काही कायमची नसते, हे बोईसरच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही: मुलगा आपल्यातून जाईल. अल्काझींच्या घरी अरबी होती, त्यांनी नाटके इंग्रजीत आणि हिंदुस्थानीत केली, शिष्य सर्व धर्मांचे घडवले. तन्वीरांनी छत्तीसगढी बोलीला जगात नेले. दोघांपैकी कुणीही आपले नाव बदलले नाही.

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखकांनी कथा, कविता, आत्मकथन, वैचारिक लेखन यांत मोलाची भर घातली. नाटकाचे दालन त्या मानाने रिकामे राहिले. कारण नाटक एकट्याने टेबलाशी बसून पुरे होत नाही. त्याला शिंपी लागतो, सुतार लागतो, वायरमन लागतो, हिशेबनीस लागतो आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारे शिक्षण लागते. माणसे आपल्याकडे आहेत. शिक्षणाची वाट उस्ताद मौलाबक्षांपासून अल्काझींपर्यंत आपल्याच गुरूंनी पाडून ठेवली आहे.

मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव दरवर्षी होतो. पालघर, बोईसर, तारापूर भागातल्या आपल्या प्राध्यापकांनी, मशिदी-मदरशांच्या जमातींतल्या समंजस माणसांनी आणि वाचनालये चालवणाऱ्यांनी यंदा एवढेच करावे: आपल्या भागातल्या एका एकांकिकेला तालमीसाठी संध्याकाळी एक खोली द्यावी आणि मुलींना रात्री घरी सोडायला एका वाहनाची सोय करावी. संहिता कुठली हा प्रश्न मुलांवर सोडावा. चिंचणीचा मुहंमद हजार वर्षे ताम्रपटात वाट पाहत आहे. त्याने लोकांना फुकट नावेतून पलीकडे नेले होते.